पडद्याचं शिसं

पडद्यांच्या दुकानातली ताई वजन कमी करायला निघाली आणि विम्याच्या तावडीत सापडली, ही गोष्ट आता पेठेत सगळ्यांना माहीत आहे. पण लोक ती हसत सांगतात. हसण्यासारखं तिच्यात आहे थोडं, नाही असं नाही. उरलेलं मात्र कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो.

दुकान बहीण-भावाचं. ताई शिवणार आणि धाकटा घरोघरी जाऊन मापं घेणार. धाकट्याचं पाणीच वेगळं. पडदा बोटभर जरी आखूड झाला तरी स्वतःहून गिऱ्हाइकाला सांगून येणारा, खोटं बोलायची वेळ आली की कान लाल होणारा माणूस. पेठेत सगळे त्याला 'फूटपट्टी' म्हणत. या फूटपट्टीच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत हात पसरून बसायचं, परत यायचं ते पिळून काढलेल्या फडक्यासारखं.

ताईची किडनी त्याला जुळत होती. घरात दुसऱ्या कुणाची जुळत नव्हती. पण किडनीवाल्या डॉक्टरांनी ताईला आपादमस्तक पाहिलं आणि सांगितलं, "या वजनावर आम्ही तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आधी उतरवा." ताईने उपास केले, चालली, घाम गाळला. काटा जरा हलायचा आणि परत जागेवर यायचा. शेवटी पोट लहान करायची शस्त्रक्रिया करायची, वजन उतरलं की मग किडनी द्यायची, असं ठरलं.

धाकटा पहिल्या दिवसापासून एकच पालुपद लावून बसला होता. "ताई, माझं काय, चाललंय तसं चालेल. तू उगाच माझ्यापायी दोन-दोनदा चाकूखाली जाऊ नकोस." ताई म्हणायची, "गप रे, मोठा आला शहाणा." पण मनातून तिला बरं वाटायचं. तिला शस्त्रक्रियेची भयंकर भीती होती. सुई दिवसभर हातात असली तरी टोचून घ्यायची म्हटली की ती दार गाठायची. भाऊ घाई करत नाही, हा तिला मोठाच आधार होता.

आणि मग विमा कंपनी. देवा रे देवा! त्यांचा नियम असा की, आधी सहा महिने त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे दर महिन्याला जायचं, काट्यावर उभं राहायचं. एकही महिना चुकता कामा नये. तिसऱ्या महिन्यात त्या बाईच रजेवर गेल्या. ताई दारापर्यंत जाऊन, कुलूप बघून परत आली. कंपनीने सांगितलं, महिना चुकला, आता पहिल्यापासून सुरू. ताईने फोन केला. फोनमधली मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "मॅडम, मी तुमची अडचण समजू शकते." ताई कडाडली, "समजून काय लोणचं घालू? बाई तुमच्या, रजा तुमची, आणि महिना माझा चुकला?" मुलीने फोन बाजूला ठेवला आणि बासरी लावली. बासरी संपली, परत सुरू झाली. ताईने तेवढ्या वेळात दोन पडदे दुमडून टाके घातले आणि शेवटी स्वतःच फोन ठेवून दिला.

परत पहिल्यापासून. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. कंपनीची आणखी एक मेख होती. शेवटच्या वजनाला माणूस त्यांनी ठरवलेल्या आकड्याच्या वर हवा. खाली गेला तर त्यांचं म्हणणं, तुमचं वजन आपोआप उतरतंय, शस्त्रक्रिया हवी कशाला? किडनीवाल्यांचा आकडा तर त्याहून कितीतरी खाली. म्हणजे मधल्या पट्ट्यात जो सापडला तो कुणाच्याच कामाचा नाही.

ताई नेमकी तिथेच जाऊन पडली. शेवटच्या महिन्यात धाकट्याच्या छातीत पाणी झालं आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. ताईची दुकान ते दवाखाना धावाधाव सुरू झाली. जेवायची शुद्ध कुणाला होती? तो घरी आल्यावर तिने घरच्या काट्यावर पाय ठेवला, उतरली आणि परत चढली. आयुष्यभर हटवादीपणा करणारं वजन नको तेव्हा उतरलं होतं. आकड्याच्या चांगलं तीन किलो खाली! कंपनीचं शेवटचं वजन दोन दिवसांवर येऊन ठेपलेलं. ती मुद्दाम खायला बसली, तर काळजीने घास जाईना. पाणी पिऊन पिऊन किती पिणार?

धाकट्याच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, छाती पुन्हा भरली तर सावरणं अवघड आहे. परत सहा महिने काढण्याएवढी त्याच्यात ताकद नव्हती. हे तिला माहीत होतं. त्याला माहीत आहे की नाही, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

ती मशिनवर डोकं टेकून बसली. समोर मोठ्या हॉलसाठीचे पडदे पसरलेले होते. पडदा सरळ लटकावा, वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाच्या बारीक मण्यांची माळ घालतात. दिसत नाही, पण असते वजनदार. फडताळात तिची रिळंच्या रिळं पडली होती.

दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे येतं? पण जन्म पडद्यात गेलेल्या बाईच्या आलं. धाकटा डायलिसिसला गेल्यावर तिने दार लावलं, आपला घेरदार झगा काढला आणि त्याच्या घेराच्या दुमडीत शिशाचे पदर घातले. कमरेच्या अस्तरात आणखी चार. चार किलोचा ऐवज झाला. धाकट्याला अवाक्षर सांगितलं नाही. त्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

झगा घालून ती चालायला लागली तर शिसं पोटऱ्यांवर थाडथाड आपटायला लागलं. आहारतज्ज्ञ बाईंनी काट्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "एवढ्या महिन्यांत काहीच नाही उतरलं? तुम्ही मनावरच घेत नाही." ताईने मान खाली घातली आणि लाजल्याचं सोंग केलं. घरी येऊन झगा खुंटीला अडकवला तर खुंटीच उखडून खाली आली. ताई एकटीच खो-खो हसली. किती दिवसांनी हसली असेल!

मंजुरी आली. तारीख मिळाली. सर्जनने तोवर नुसतं पातळ अन्न घ्यायला सांगितलं, तेही तिने निमूट घेतलं.

भरती होण्याआधीच्या तपासणीला धाकटा बरोबर आला होता. तिथे नर्सने तिला दवाखान्याचा पातळ गाऊन दिला आणि काट्यावर उभं केलं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

सर्जनने आकडा पाहिला, कंपनीच्या कागदावरचा आकडा पाहिला, आणि चष्मा काढला. "दहा दिवसांत आठ किलो? पातळ घेऊन दोन-तीन उतरतात. आठ नाही. हे मला ठीक दिसत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "असं एकाएकी वजन जातं तेव्हा आम्हाला गाठीबिठीची शंका घ्यावी लागते. मी तारीख रद्द करतो. सगळ्या तपासण्या होऊ देत, दोन-तीन महिने लागतील. आणि काही निघालं, तर किडनी द्यायचा प्रश्नच मिटला."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो खुर्चीतून उठला आणि भिंतीला टेकला. "ताई, तुला काय झालंय? माझ्यापायी झालं. माझ्यामागे धावून झालं."

डॉक्टरांना फोन आला म्हणून ते शेजारच्या खोलीत गेले. ताईने भावाची बाही ओढली आणि कुजबुजत सगळं सांगून टाकलं. झगा, माळा, खुंटी, सगळं. "मला काही झालेलं नाही रे, धडधाकट आहे मी. पण खरं सांगितलं तर कंपनी मंजुरी काढून घेईल. न सांगावं तर हे महिने खातील. मी सांगूनच टाकते. होईल ते होईल."

बोलताना तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली. आता कापाकापी टळणार होती, निदान काही महिने. धाकटाही म्हणेल, सांगून टाक. तो दुसरं काय म्हणणार?

डॉक्टर परत आले. ताईने तोंड उघडलं, पण आवाज धाकट्याचा आला.

"डॉक्टर, तिने पातळसुद्धा घेतलं नाही. तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून नुसत्या पाण्यावर आहे. मी रोज बघत होतो. दोनदा चक्कर येऊन पडली. तुम्हाला कळवायला हवं होतं, मी कळवलं नाही." त्याचे कान लालबुंद झाले होते, पण नजर डॉक्टरांवरून हलली नाही.

सर्जन भडकले. ताईला त्यांनी यथेच्छ झापलं. हा काय वेडेपणा, जिवावर बेतलं असतं, वगैरे. मग निःश्वास टाकून म्हणाले, "रक्त आत्ता द्या. पोटाची तपासणीही आजच करून घेऊ. सगळं नीट आलं तर तारीख तीच ठेवतो."

दोघं बाहेर बाकावर बसली. धाकटा आपल्या हातावरच्या सुयांच्या गाठी चाचपत होता.

"मला मरायचं नाही गं, ताई," तो म्हणाला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर ती त्याच्या 'माझं काय' वर विसंबून होती. किती सोयीचं होतं ते! तिला रडूच कोसळलं. "मग इतके दिवस बोलला का नाहीस रे मेल्या?"

"बोललो असतो तर तुला नाही म्हणायला जागा राहिली नसती."

"आणि आता?"

आतून नर्सने रक्तासाठी हाक मारली. ताईने दवाखान्याच्या त्या गाऊनच्या बाहीने डोळे पुसले, धाकट्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठली, आणि आत जाऊन सुईकडे न बघता हात पुढे केला.