अप्पांनी मेन बंद केला

मित्रांनो, मी एक जुना, चार दारांचा फ्रीज आहे आणि मी पार वैतागलो आहे. नांदेडला स्टेशनजवळ गुरुलिंगअप्पांचं हॉटेल आहे, तिथल्या स्वयंपाकघरात मी उभा असतो. माझा जन्म लातूरच्या एका वर्कशॉपमधला. मी टेम्पोतून उतरलो तेव्हा अप्पांनी मला हार घातला, माझ्या पत्र्यावर भस्माचे पट्टे ओढले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून माझी दारं उघडून दाखवली. आता माझ्या डोक्यावर कांद्याची पोती असतात. दारांची रबरं झिजली आहेत. मागची जाळी शेवटची कधी पुसली ते विचारूच नका.

पण माझं खरं गाऱ्हाणं रुद्राणीताईंबद्दलचं आहे. त्या या हॉटेलच्या मॅनेजर. आचारी रुसला, ताईंनी समजूत काढायची. भाजीत मीठ जास्त पडलं, बोलणी ताईंनी खायची. नळाला पाणी नाही, पंखा हळू फिरतो, शेजारच्या टेबलावरचा माणूस मोठ्याने बोलतो, सगळ्याला जबाबदार ताई! आणि शेवटचा शब्द मात्र अप्पांचा.

अप्पा माणूस वाईट नाहीत. पण हॉटेल बंद करताना विजेचा मेन बंद केल्याशिवाय त्यांचा पाय बाहेर पडत नाही. "करंट चालू ठिवून मला झोप लागत न्हाई," म्हणतात. मेन बंद, शटरला कुलूप, मग हात जोडायचे, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. फ्रीज रात्रीही चालू लागतो हे ताईंनी त्यांना किती वेळा सांगितलं! अप्पा मान डोलावतात आणि हात आपला मेनकडेच जातो. म्हणून रोज ताईच कुलूप लावतात.

वैशाखात गावातल्या सरजाबाई हॉटेलात आल्या. बुद्धपौर्णिमेला विहारात वाटायची खीर त्या दरवर्षी स्वतःच्या हाताने करत. यंदा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"बाहेरची खीर मी कधी दिली न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "यंदाची तुझ्यावर सोडून राहिले."

"बिनघोर राहा, मावशी," ताई म्हणाल्या.

पौर्णिमेच्या दिवशी गावात दुधाची ओढाताण होते. म्हणून ताईंनी आदल्या दिवशीच दूध आणलं, तापवून गार केलं आणि माझ्यात ठेवलं. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. संध्याकाळी त्या विहारात किती माणसं येणार ते विचारायला गेल्या आणि त्या दिवशी कुलूप अप्पांनी लावलं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नांदेडचा उन्हाळा, झिजलेली रबरं आणि बंद मेन. रात्रभर मी नुसतं पत्र्याचं कपाट होतो. मी संतापून तरी काय करणार होतो?

सकाळी ताईंनी माझं दार उघडलं आणि आंबूस वास आला. त्यांनी चमचाभर दूध चाखलं आणि त्या तिथेच खाली बसल्या.

अप्पा धावत आले. "चुकलंच माझं. पण साखर जास्त घाल, इलायची घाल. कोणाला कळणार हाय?"

"नासलेलं दूध हाय, अप्पा. लहान लेकरं खाणार हायेत ते."

तेवढ्यात मुदखेडहून रेल्वेने येणारा गवळी रोजचं चहाचं दूध घेऊन आला. ताईंनी त्याचे कॅन उचलले आणि सरळ खिरीच्या पातेल्यात ओतायला घेतले.

"अगं, ते चहाचं हाय!" अप्पा ओरडले. "सुट्टीचा दिवस, सारं स्टेशन चहाला येतंय. चहाबिगर हॉटेल उघडून लोकांना काय तोंड दाखवू?"

ताई वळल्या. "मॅनेजर कोण हाय ते आधी ठरवा, अप्पा. तुम्ही असाल, तर सरजामावशीला तुम्हीच जाऊन सांगा. मी असंल, तर आज चहा बंद."

अप्पा दारात जाऊन उभे राहिले आणि येईल त्याला स्वतःच सांगू लागले, "चहा न्हाई आज." लोक काय काय बोलले ते मी इथे सांगत नाही. अप्पांनी ते निमूट ऐकून घेतलं. ताई ते रोज ऐकतात.

खीर वेळेवर गेली. दुपारी सरजाबाई खिरीचा डबा घेऊन स्वयंपाकघरात आल्या. ताई घाबरून उठल्या.

"काय कमी पडलं का, मावशी?"

"काई न्हाई. लई चांगली झाली. अप्पांनी सकाळचं समदं सांगितलं मला. तू खाल्लीस का न्हाई, माय?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. सरजाबाईंनी डाव्या हाताने खटपट करून डबा उघडला. ताईंनी माझ्या दाराला पाठ टेकली, दोन घास खाल्ले आणि त्यांना रडू फुटलं.

मित्रांनो, माझी जाळी पुसा, रबरं बदला, रात्री माझा करंट तोडू नका, एवढं तर मी मागणारच. पण हॉटेलात काही बिघडलं म्हणून मॅनेजरला तावातावाने बोलावून घ्याल, तेव्हा क्षणभर थांबा. मी इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरात उभा आहे. साऱ्या गावाला जेवू घालणाऱ्या त्या बाईला, "तू खाल्लीस का?" असं कुणी विचारलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.