वरेड कुठे आहे?

राडिम प्रागहून आमच्या कॉनेमारातल्या गावात सुतारकामाला आला, तेव्हा त्याला आयरिशचे मोजके शब्द येत होते. त्यातला 'दो' त्याच्या चेक भाषेतही आहे, याचं त्याला फार कौतुक. चेकमध्ये 'दो' म्हणजे 'च्या आत'.

एका दुपारी घरमालकीण सोराखानं त्याच्या हातात केक दिला आणि "दो वरेड" एवढंच सांगून ती घाईनं निघून गेली. राडिमला वाटलं, केक वरेडच्या आत ठेवायचाय. वरेड म्हणजे एखादं कपाट असणार. घरात तसं काही सापडेना, म्हणून केक घेऊन तो गावभर फिरला. मलाही विचारलं, "वरेड कुठंय?"

"नाव ऐकलं नाही बुवा," मी म्हटलं आणि गंमत बघायला त्याच्या मागे निघालो.

शेवटी त्यानं म्हाताऱ्या मरेडबाईंचं दार वाजवलं. त्या शाळेत व्याकरण शिकवायच्या.

"अरे, वरेड म्हणजे मीच!"

"तुम्ही तर मरेड ना?"

"आमच्यात 'दो' म्हणजे 'ला'. तो पुढे आला की नावाचं नाक बदलतं."

"आमच्यात शेपूट बदलतं! प्रागला आम्ही म्हणतो प्राहा, पण 'प्रागच्या आत' म्हणजे दो प्राही."

"दोन्ही 'दो'चं मूळ मात्र एकच आहे म्हणतात."

राडिम ओशाळला. "म्हणजे केक आत ठेवायचा नव्हता?"

"ठेवायचाय की," बाई सुरी शोधत म्हणाल्या. "बसा दोघंही. तिघांच्या आत ठेवू."