वेस प्रुइटला दहापैकी आठ

त्या वर्षी ग्रॅनाइट बेंड गावची मस्करॅट्स ही बेसबॉल टीम शेवटून दुसरी आली. अगदी शेवटची आली नाही याचं श्रेय मार्गिट ओस्टबी आपल्या पोरांना मुळीच द्यायला तयार नव्हती. "खालच्यांनी जिवाचा आटापिटा करून हरून दाखवलं, म्हणून आपण वाचलो," असं ती भर चौकात सांगायची आणि वर म्हणायची, "त्यांना एखादा केक पाठवायला हवा."

बाई तोंडाची फटकळ. आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं, शेकडो पोरांना दटावून जेवू घातलं, आणि निवृत्त झाल्यावर तोच आवाज घेऊन ती मैदानाच्या जाळीमागे येऊन बसली. पाऊस असो, डास असोत, सामना चुकवला नाही. सीझन संपला की लुथरन चर्चच्या तळघरात जेवण असायचं. ही टीम काही मोठी नव्हे. पोरांना हातखर्चापुरता पगार, राहायला गावातली घरं. ज्या घरांनी उन्हाळाभर एकेक खेळाडू सांभाळला, ती घरं त्या दिवशी ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशची आपापली भांडी घेऊन यायची. जेवणं झाली, कॉफी आली, की मार्गिट उभी राहायची आणि एकेका खेळाडूला दहापैकी मार्क द्यायची. हातात कागद नाही, कपटा नाही. नाव घेतलं की त्या गड्यानं उभं राहायचं, मान खाली घालून ऐकायचं, आणि मार्क मिळाले की टोपी काढून "थँक यू, मॅम" म्हणायचं.

गंमत वाटेल, पण ही पोरं त्या मार्कांना घाबरायची. वर्तमानपत्रवाला गोड लिहायचा, एजंट गोड बोलायचा, घरचे तर गोडच बोलणार. मार्गिट गोड बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी एका पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या गड्याला, तिनं सगळ्यांसमोर "दोन" म्हणून सांगितलं. पोरगा तडक घरी गेला, प्लंबर झाला, आता दर नाताळात तिला बायकापोरांचा फोटो पाठवतो.

एक नियम मात्र ती पाळायची. आपल्या घरी राहणाऱ्या खेळाडूला मार्क द्यायचे नाहीत. "माझ्या टेबलावर जेवलेल्या पोराचं मला नीट दिसत नाही," ती म्हणायची. नियम चांगला होता. मोडायला नको होता.

त्या वर्षी तिच्या घरी राहिला तो वेस प्रुइट. कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवं बसून अख्खा सामना अंगावर घेणारा गडी. अर्कान्सासचा, बायको डार्सी आणि पोरगी तिकडेच, एकतिशीचा, बोलायला मऊ, आणि इतका सज्जन की मार्गिटचा नवरा लाइलसुद्धा त्याच्याशी बोलायचा. लाइल कुणाशी बोलतो म्हणजे काय! सकाळी वेस जिना उतरायचा तो एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी, बाजूबाजूनं. मार्गिट स्वयंपाकघरातून ऐकायची आणि पॅनकेक उलटत राहायची.

गुडघे गेले होते त्याचे. गुडघे गेले की कॅचरचा हात जातो, हे मैदानावर बसणाऱ्या कुणालाही कळतं. पहिल्या बेसवरचा गडी दुसरा बेस चोरायला पळत सुटला की यानं उठून चेंडू फेकायचा आणि त्याला बाद करायचं. त्या उन्हाळ्यात पळणारा दुसऱ्या बेसवर पोचून, पँटची धूळ झटकून, आमच्या पोरांशी हवापाण्याच्या गप्पा सुरू करायचा, तरी वेसचा चेंडू वाटेतच असायचा. शेवटी शेवटी तर जाडेजुडे म्हातारे पिचरसुद्धा त्याच्यावर बेस चोरायला लागले.

शेवटच्या आठवड्यात वेसनं भांडी विसळता विसळता विषय काढला.

"मिस मार्गिट, या वेळी मला मार्क द्या."

"घरच्याला मी देत नाही. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. म्हणून तर मागतोय." त्यानं ताट पुसून ठेवलं. "आमच्या गावच्या फायर ब्रिगेडमध्ये एक जागा आहे. डार्सीच्या काकांनी धरून ठेवलीय. रविवारी रात्रीपर्यंत हो की नाही सांगायचंय. आणि बत्तीस वर्षं पुरी झाली की ते घेत नाहीत, म्हणजे पुढच्या वर्षी नाहीच."

"मग घे की!"

"अजून एक वर्ष आहे माझ्यात, असं मॅनेजर डूली म्हणतो. एजंट म्हणतो. डार्सी काहीच म्हणत नाही, तिला माझं मन मोडायचं नाहीये. तुम्ही सांगा. पाचाच्या खाली दिलंत तर मी त्याच रात्री काकांना हो म्हणतो. तुम्ही माझं मन राखायला काही बोलणार नाही, एवढं मला माहीत आहे."

मार्गिटनं नळ बंद केला. म्हणाली, "बरं. देते."

शेवटच्या सामन्याला डूली जाळीपाशी आला. तंबाखूऐवजी सूर्यफुलाच्या बिया चघळायची त्याची सवय, थुंकत म्हणाला, "बाई, कॅचरचं काय करू?"

"तू त्याला अजून एक वर्ष आहे म्हणून सांगितलंस ना?"

"सांगितलं. मग काय सांगू? रोज खेळवायचं होतं मला त्याला. दुसरा होता कुठे?"

"सोड त्याला. संपलाय तो."

"मलाही तेच वाटतं. सकाळी बोलावून सांगतो."

"तू नको सांगूस," मार्गिट म्हणाली. "रविवारी जेवणाला मी सांगेन. माझं त्याला पटेल. मी चार देणार आहे. तो त्याच रात्री घरच्या नोकरीला हो म्हणेल, आणि तुला त्याला काढायचीही वेळ येणार नाही. ताठ मानेनं जाऊ दे पोराला."

डूलीच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. "देव भलं करो तुमचं," म्हणाला. या माणसाला एरवी देव कधी आठवायचा नाही.

रविवारी दुपारी डार्सी आली. दोन दिवस गाडी हाकत, मागच्या सीटवर तीन वर्षांच्या पोरीला बांधून. किडकिडीत, डोळ्यांखाली काळं, पण हसरी. मार्गिट तिला खोली दाखवायला वर घेऊन गेली तेव्हा डार्सीनं दार लोटून घेतलं.

"त्यानं मला सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्ही मार्क देणार ते."

"हो."

"मी तुम्हाला काही विचारत नाही. फक्त खरं ते सांगा. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, सगळे उन्हाळे मी एकटीनं काढलेत. पण मी सांगितलं तर तो आयुष्यभर म्हणेल, हिनं मला थांबवलं. तुम्ही सांगितलं तर नाही म्हणणार."

"अगं, काळजी करू नकोस," मार्गिटनं तिचा हात दाबला. "मी आहे ना."

तळघरात त्या संध्याकाळी बसायला जागा नव्हती. घरच्या पोराला मार्गिट पहिल्यांदाच मार्क देणार, ही बातमी अख्ख्या गावात झाली होती. बाई रंगात होती. डावखुऱ्या पिचर ग्रॅडी हॅस्केलला म्हणाली, "तीन. त्यातला एक केस छान ठेवल्याबद्दल. बाबा रे, चेंडू बॅटरपुढच्या प्लेटवरून जायला हवा, पार्किंगमध्ये माझी गाडी असते." तळघर खदखदलं. व्हेनेझुएलाच्या छोट्या फिगेरोआला सात दिले, तर तो खुर्चीवरच चढला. "उतर खाली. सातच दिलेत, राज्य नाही दिलं." टकर लुंडीनला दोन. "तुझ्या हातातून सुटलेले झेल मी मोजायचे सोडून दिले, मला दुसरी कामं असतात." टकरनं टोपी काढून, लालेलाल होऊन थँक यू म्हटलं आणि मित्रांनी त्याच्या पाठीत धपके घातले.

"आणि वेस प्रुइट."

वेस उठायला लागला. बाक बुटका होता. एकदा उठायला गेला, गुडघ्यानं साथ दिली नाही, परत बसला. मग टेबलावर तळवा टेकून, ओठ घट्ट मिटून उभा राहिला. कुणीतरी हळहळलं. त्याच्या पोरीनं बापाची टोपी डोक्यावर घातली होती, ती नाकापर्यंत आली होती. ती वर करून पोरगी बापाकडे बघत टाळ्या वाजवायला लागली. तिला वाटलं, बाबा जिंकले.

मार्गिटच्या तोंडात चार तयार होते. आठवडाभर मनात घोकून ठेवलेले. ती वेसकडे बघत होती आणि वेस तिच्याकडे, शाळेत जेवणाच्या रांगेत ताट पुढे करून उभी राहणारी पोरं बघायची तसा. सगळं गाव बघत होतं. आणि तिला काय झालं कोण जाणे, बाई म्हणाली, "आठ."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग टेबलं बडवत सगळं तळघर उभं राहिलं. आठ! मार्गिटचे आठ! कुणाला कधी मिळाले नव्हते. ग्रॅडीनं वेसला उचलून घेतलं. वेस रडत होता, हसत होता, टोपी काढायची म्हणून पोरीच्या डोक्यावरची टोपी काढून "थँक यू, मॅम, थँक यू," म्हणत होता.

टाळ्या वाजवत नव्हती ती एकटी डार्सी. ती मार्गिटकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सगळा जीव निघून गेल्यासारखी ती बसली होती, हातातला लेमन बारचा गोड तुकडा तसाच धरून.

डूली गर्दीतून वाट काढत आला. "आठ?" तो दात ओठ खात म्हणाला. "आठ, बाई? मी त्याच्या जागी दुसरा घेतलाय! कालच फोन केला, तुमच्या भरवशावर!"

"थांब, मी सांगते त्याला. आत्ता सांगते."

ती जिना चढून बाहेर आली तेव्हा वेस गाडीला टेकून उभा होता. उजेड होता अजून. फोन खिशात टाकत तो म्हणाला, "झालं, मिस मार्गिट! काकांना नाही म्हणून सांगून टाकलं. दुसरा एकजण रांगेत होता, त्याला लगेच कळवतो म्हणाले." आणि त्यानं तिला मिठी मारली. एवढ्या मोठ्या गड्याची मिठी. आता सांगून काय होणार, उद्या सकाळी डूली सांगेलच, असं काहीतरी तिनं स्वतःला समजावलं आणि ती भांडी घासायला खाली गेली.

घरी जाताना लाइल गाडी चालवत होता. वळण घेता घेता म्हणाला, "आठ कशाचे दिलेस? ताटं पुसण्याचे?"

"गप्प बस, लाइल."



सकाळी डूलीनं वेसला बोलावलं आणि पाच मिनिटांत टीममधून मोकळं केलं. वेस परत आला तो बॅग खांद्यावर घेऊनच. मार्गिटनं पॅनकेक केले होते. कुणी खाल्ले नाहीत. डार्सीनं सामान गाडीत भरलं, पोरीला मागे बांधलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिनं काच वर घेतली.

वेस मात्र व्हरांड्यात रेंगाळला. मार्गिटला वाटलं होतं, हा आता आपल्याला विचारील, तुम्ही असं का केलंत. तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं. पण पोराच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"डूलीला काही कळत नाही, मिस मार्गिट," तो म्हणाला. "तुम्ही त्याच्यावर रागावू नका. हिवाळ्यात मी गुडघ्यांचं बघतो. मेक्सिकोत टीम्स आहेत, कॅनडात आहेत. घर गहाण टाकून वर्षभर निभेल. काल तुम्ही चार म्हणाला असतात ना, तर मी कधीच सोडलं असतं. पण आठ म्हणालात तुम्ही. तुम्ही!"

"वेस, ऐक माझं." तिनं त्याचे दोन्ही दंड धरले. "चार होते. तुला मी चारच देणार होते. तेही जास्त झाले. तुझा हात गेलाय, गुडघे गेलेत. तू संपलायस, राजा. काल मला धीर झाला नाही, म्हणून मी खोटं बोलले. घरी जा. काकांच्या पाया पड, दुसरी कुठली नोकरी मिळाली तर कर, पण हा खेळ सोड."

वेस तिच्याकडे बघत राहिला. एक क्षण तिला वाटलं, पटलं याला. मग तो हळूच हसला आणि त्यानं तिच्या कपाळाला ओठ टेकवले.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मिस मार्गिट," तो म्हणाला. "मला घरी जाणं सोपं व्हावं म्हणून म्हणताय ना? डार्सीनं सांगितलं असेल म्हणायला. कळतं मला. पण राहू द्या."

"अरे देवाशपथ सांगते—"

"वेस," गाडीतून डार्सीचा आवाज आला. "चल. उशीर होतोय."

तो बाजूबाजूनं पायऱ्या उतरला, वाकून कसाबसा स्टिअरिंगमागे बसला. गाडी सुरू झाली. मार्गिट चपला न घालता रस्त्यावर धावत आली. "चार!" ती ओरडली. शेजारची बाई खिडकीत आली. "चार म्हटलं मी, वेस! चार!"

त्यानं हॉर्न वाजवला आणि खिडकीतून हात काढून हलवला. डार्सीनं मागे वळून पाहिलं नाही. गाडी धान्याच्या कोठारापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. लाइल व्हरांड्यातून उतरून आला आणि बायकोला दंडाला धरून घरात घेऊन गेला.