चावलेल्या पट्ट्या

हिस्केबाईंना मिर्थेच्या गणिताच्या पट्ट्यांची किळस यायची. हिरव्या लांब पट्टीवर दहा चौकोन, पिवळ्या तुकड्यावर एकच. सगळ्यांचे कोपरे चावून ओलसर झालेले, पीनट बटरचा वास मारणारे. मिर्थे नऊ वर्षांची, स्वमग्न. नुसता सांगितलेला किंवा लिहिलेला आकडा तिच्या हाती लागायचाच नाही. पट्ट्या मांडल्या की मात्र तो तिला दिसायचा. विचारात असली की ती कोपरे चावायची.

फ्रीसलंड या डच प्रांतातल्या एका छोट्या गावातल्या शाळेत बाई सव्वीस वर्षं शिकवत होत्या. बेरीज डोक्यात करायची असते, चित्रं बालवाडीत शोभतात, हे त्यांचं ठाम मत. मंगळवारी परीक्षेआधी त्यांनी पट्ट्या चिमटीत धरल्या आणि वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिल्या. डब्यात कॉफीचा चोथा होता, केळ्याच्या साली होत्या.

पेपर वाटले. मिर्थे ‘४६ + २७’ कडे बराच वेळ बघत बसली. मग उठली, डब्यापाशी गेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

“ईऽऽ, बाई, ती बघा!” वित्से ओरडला. “उकिरडा आला, उकिरडा!”

वर्ग खिदळला. बाईंच्याही ओठांवर हसू आलं. मग त्यांनी मिर्थेचं मनगट धरलं, पट्ट्या तिच्या मुठीतून सोडवून परत डब्यात टाकल्या आणि तिला हात धुवायला पाठवलं. मिर्थेने कोरा पेपर दिला. रडली नाही. घरी जाईपर्यंत नखांतला चोथा कोरत बसली.

शाळा सुटल्यावर तिची आई टाल्के आली. कालव्यावरचा पूल उघडायचं-मिटायचं काम ती करायची; अंगात अजून नारिंगी जाकीट होतं. फाटकापाशीच तिने पोरांकडून सगळं ऐकलं होतं.

“मुलीला जरा स्वच्छता शिकवा,” बाई म्हणाल्या. “कचऱ्यात हात घालते हो!”

“कचऱ्यात टाकलं कुणी?”

बाईंनी डब्याकडे पाहिलं.

“माझ्या पुलाच्या खांबाला आकड्यांची फळी आहे, बाई. नावाडी लांबूनच बघतो आणि ओळखतो, आपली होडी खालून जाईल की नाही. फळी काढून टाकतो, पाण्याची उंची डोक्यात काढ, असं त्याला कुणी म्हणतं का?”

“पण पुढे आयुष्यात हिला पट्ट्या कोण देणार?”

“ती करून घेईल स्वतःच्या. तुम्हाला थुंकीची किळस आली ना? मग धुवायच्या होत्या. थुंकीची शिक्षा गणिताला कशाला? आणि पोरं तिला उकिरडा म्हणाली, तेव्हा तुम्ही काय केलंत?”

बाईंनी मान खाली घातली. “हसले,” त्या म्हणाल्या.

टाल्के निघून गेली. डबा अजून रिकामा व्हायचा होता. बाईंनी बाह्या वर सारल्या आणि पट्ट्या काढायला स्वतः आत हात घातला. गार, बुळबुळीत चोथा बोटांत शिरला, आंबूस वास नाकात गेला. एक मूल शिकायच्या ओढीने यात हात घालतं आणि शिकवणारी हसते! इतकी शिसारी त्यांना आजवर कशाचीच आली नव्हती, आणि ती कचऱ्याची नव्हती.

सकाळी त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या. “काल मिर्थेच्या पट्ट्या मी कचऱ्यात टाकल्या. तिने घाण केली नाही, मी केली. तुम्ही तिला चिडवलंत तेव्हा मी हसले, तीही घाणच. मिर्थे, माझं चुकलं.”

मिर्थेने वर पाहिलंही नाही. तिचं लक्ष धुतलेल्या पट्ट्यांकडे होतं. चार हिरव्या, सहा पिवळे. दोन हिरव्या, सात पिवळे. दहा पिवळे उचलून तिने त्यांच्या जागी एक हिरवी ठेवली.

“त्र्याहत्तर,” ती म्हणाली.

शेजारचा वित्से बघतच राहिला. त्याच्या कालच्या पेपरावर त्रेसष्ट होते. “हातचा असा येतो होय,” तो पुटपुटला. मिर्थेने एक हिरवी पट्टी त्याच्याकडे सरकवली.

वाचकहो, डोळ्यांनी शिकणारं मूल कमी शिकत नाही, वेगळ्या वाटेने शिकतं. ती वाट आपल्याला बालिश वाटो की किळसवाणी, ती मोडण्याचा हक्क आपल्याला नाही. वर्गातली खरी घाण चावलेल्या कोपऱ्यांत नसते; एका मुलाला हसणाऱ्या तोंडांत असते, आणि ती आधी मोठ्यांनी धुवायची असते.