आंबापोळीचा केक

जानेवारीत आंब्याचा केक मागणाऱ्याला सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण विनिताला नाही म्हणता येत असतं, तर ती बदलापूरच्या शिरगावात घरी केक करून विकायच्या फंदात पडलीच नसती. ऑर्डर अंबरनाथच्या किर्तीची. तिचे सासरे बाळाजी पंच्याहत्तर वर्षांचे होत होते. माळकरी माणूस, बत्तीस वर्षं मासळीला शिवले नव्हते. केक बिनअंड्याचा हवा, आंब्याचाच हवा, आणि डब्यातला रस नको.

ताजा आंबा नाही, तर सुकवलेला. सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेली आंबापोळी पत्र्याच्या डब्यात होती. पहिल्या खेपेला विनिताने तुकडे कोरडेच मिश्रणात टाकले. त्यांनी सगळा ओलावा पिऊन टाकला आणि तो केक नवऱ्याला, भावेशला, चहात बुडवून खावा लागला. दुसऱ्या खेपेला तिने डब्यातली उरलेली सगळी पोळी रात्रभर कोमट पाण्यात भिजवली, ते पाणीही मिश्रणात घातलं आणि साखर निम्मी केली. सकाळी केक ओव्हनमधून निघाला तेव्हा घरभर मे महिना दरवळला. विनिता स्वतःवरच खूश झाली.

खुशी अर्धा तास टिकली. रिकामा डबा घासायला घेतला, तर तळाशी जवळा. सुकी, बारीक कोलंबी, चार-पाच दाणे.

तिने केक हुंगला, पुन्हा हुंगला. पण ज्या घरात बारा महिने सुकी मासळी असते, तिथल्या नाकाचा काय भरवसा! सासूबाई पहाटेच नात्यातल्या हळदीला गेलेल्या, बँडच्या गोंगाटात फोन उचलत नव्हत्या.

"कोणाला काय कळणार? देऊन टाक ना यार," भावेश म्हणाला.

क्षणभर तिलाही तेच वाटलं, आणि वाटलं याची लाज वाटली. तिने किर्तीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून नुसतं "बरं" आलं आणि फोन बंद झाला.

गेली ऑर्डर, गेलं नाव. विनिता ओट्यापाशी फरशीवर बसून राहिली.

दुपारी सगुणाबाई हसत घरात आल्या. सुनेचं ऐकलं आणि हसू पळालं.

"अगो, पोली तू काल काढलीस. आज पहाटे निंगायच्या आधी त्या डब्यान मी जवला भरला, झाकान बसंना म्हनून परत काढला. त्याच्या आधी त्यान पोलीच व्हती. मालकऱ्याच्या तोंडान म्हावरा घालीन का मी?"

विनिताला हसावं की रडावं कळेना. पण हे किर्तीला सांगायचं कोणत्या तोंडाने? धंदा वाचवायला सासूला साक्षीला उभं केलं, असंच कोणालाही वाटणार. तरी तिने फोन लावला, अडखळत सांगितलं, आणि "नाही विश्वास बसला तरी मी समजेन," असंही म्हणाली.

किर्तीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ताई, सकाळी तुम्ही गप्प बसला असतात तर मला कुठे कळणार होतं? तेव्हा सांगितलंत, म्हणून आताचंही खरंच मानते. केक भरून ठेवा, पाचला येते."

विनिताने फोन ठेवला, सासूबाईंच्या गळ्यात पडली आणि सकाळपासून अडवून धरलेलं सगळं रडून घेतलं.