अर्धा तास नवरा

स्नेहलता कोळेकरचं नाकातून करायचं ऑपरेशन शेवटी झालंच नाही; आकडा नॉर्मल आला. पण ही गोष्ट घडत होती तेव्हा हे तिच्या नवऱ्याला, म्हणजे सुभाषला, ठाऊक नव्हतं. ज्याची बायको त्यालाच ठाऊक नसताना आपण जाणून बसणं बरं दिसत नाही. तेव्हा आकडा आलेलाच नाही असं धरून चालू.

सुभाष मूळचा बार्शीचा. वाघोडियाच्या एका कारखान्यात सेफ्टी खात्यात लागला म्हणून नुकताच बडोद्याला आलेला. उदारीकरणाच्या कृपेने कारखान्याला जर्मन भागीदार मिळाला होता आणि भागीदारापाठोपाठ सूचनांचे ढीग. सूचना आधी पाळायची, मग वेळ उरला तर समजून घ्यायची, हे सुभाषच्या हाडीमाशी खिळलं होतं. गुजराती त्याला रुपयातले बारा आणे समजायची. उरलेले चार आणे तो पदरच्या मराठीतून घालायचा.

बडोद्याला आल्यापासून स्नेहलताचा चेहरा भाकरीसारखा गोल होत चालला होता. त्यात ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. सयाजीगंजातल्या डॉक्टर मजमुदारांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एसीटीएच करून घेऊ."

"कुठला कोर्स आहे हा?" सुभाषने विचारलं.

"कोर्स नाही हो, रक्ताची तपासणी." डॉक्टरांनी कागदावर डोकं काढलं, डोक्यात एक ठिपका काढला. "मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. ती हे हार्मोन सोडते. ते मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन ग्रंथींना जाऊन सांगतं, कॉर्टिसॉल बनवा. माणूस घाबरला, चिडला, की हुकूम जास्त सुटतात."

सुभाषचा चेहरा उजळला. "म्हणजे हेड ऑफिस सयाजीगंजात आणि युनिटं दोन. एक वाघोडियाला, एक करजणला."

"अगदी तसंच."

"आणि हेड ऑफिस उगीचच ऑर्डरी सोडत राहिलं तर?"

"तर हेड ऑफिसात गाठ असू शकते. मग मुंबई. हल्ली डोकं उघडत नाहीत, नाकातून जाऊन काढतात."

स्नेहलताने पदराने नाक झाकलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही.

लॅबमध्ये जागृतीबेन होत्या. त्यांनी सूचना एका दमात सांगितल्या. "सवारे आठ वागे आवजो, भूख्या पेटे. आवीने अडधो कलाक नवरा बेसवानुं, पछी ज लोही लईशुं. ए वगर रिपोर्ट खोटो आवे."

बाहेर आल्यावर सुभाषने उजळणी केली. "सकाळी आठ. उपाशी पोटी. अर्धा तास नवरा बसवायचा, मगच रक्त. नाहीतर रिपोर्ट खोटा."

"नवरा कशाला बसवायचा?" स्नेहलता म्हणाली.

"शास्त्र असेल काहीतरी. आपल्याकडे पूजेला नाही का बसवत?"

दुसऱ्या दिवशी आठाच्या ठोक्याला सुभाष इस्त्रीचा शर्ट घालून लॅबच्या बाकावर बायकोला चिकटून बसला आणि त्याने खिडकीत वर्दी दिली, "बेन, नवरा बेठा छे!"

"बहु सरस," आतून जागृतीबेन म्हणाल्या. "बेठा रहो."

नुसतं बसून राहणं सुभाषच्या स्वभावात नव्हतं. समोर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. तो उठून बघून आला.

"मुदत संपलीय याची," तो बायकोच्या कानात म्हणाला. "आत्ता इथे आग लागली ना, तर दार एकच आहे. तू मात्र ताण घेऊ नकोस. ताण घेतलास की आकडा वाढतो. आकडा वाढला की मुंबई, आणि मुंबई म्हणजे नाक. पण तू त्याचा विचारच करू नकोस."

"अहो, गप्प बसा ना जरा."

"नवरा बसवायचा म्हणाल्यात. गप्प बसवायचा असं कुठे म्हणाल्या?"

रक्त काढून लगेच बर्फात ठेवलं गेलं, कारण हे हार्मोन उष्णतेत टिकत नाही, आणि बर्फातूनच मुंबईच्या मोठ्या लॅबला गेलं. तिथून आकडा आला: एकशे बारा. साठाच्या आत असायला हवा होता.

"पुन्हा करू," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी सूचना नीट पाळल्या जात नाहीत."

हे वाक्य सुभाषच्या काळजात रुतलं. सेफ्टी खात्याच्या माणसाला असं कुणी आजवर बोललं नव्हतं. घरी येऊन त्याने चूक शोधून काढली. नवरा मध्येच उठला होता. नळकांड्यापाशी गेला तेवढा वेळ बायको नवऱ्यावाचून होती.

दुसऱ्या खेपेला त्याने बाकावर बैठक मारली ती देवासारखी. उठणं नाही, पाय सोडणं नाही. बायकोचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि नजर तिच्या चेहऱ्यावर रोखली. खिशात रेशनकार्ड ठेवलं होतं, नवरा खरा आहे का असं कुणी विचारलं तर असावं म्हणून.

"डोळे मिटून बसू का?" स्नेहलताने विचारलं.

"बस. मी आहे. मी बघतोय."

"तेच तर."

आकडा एकशे अठ्ठेचाळीस आला.

डॉक्टर मजमुदार हसायचे थांबले. म्हणाले, शेवटचं एकदा करू, याच आठवड्यात, आणि या वेळी कॉर्टिसॉलही बघू. तेही वर असेल तर मुंबईची चिठ्ठी देतो, डोक्याचा फोटो आणि पुढचं तिथेच.

त्या संध्याकाळी स्नेहलताने पलंगाखालची बॅग काढली. दोन साड्या घातल्या, एक काढली, परत घातली. "माझं रक्त दोनदा मुंबईला जाऊन आलं," ती म्हणाली, "मला एकदाही नेलं नाहीत. आता न्याल ते असं." ती हसायला गेली आणि ते हसू अर्ध्यावरच राहिलं. सुभाष तिच्याजवळ बसला. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एकही सूचना सुचली नाही.

आणि तशात तिसऱ्या तपासणीच्या सकाळीच कारखान्यात आगीची कवायत निघाली. ती बघायला खुद्द जर्मन साहेब येणार होता. रजा मिळेना. सुभाषने शिफ्ट बदलून पाहिली, पोटदुखी करून पाहिली, काही चाललं नाही. मग त्याला कारखान्याचा नियम आठवला: जागेवरचा माणूस हजर नसेल तर चार्ज दुसऱ्याला द्यावा.

शेजारी संपतराव घाटगे राहत. त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या पागेत शिलेदार. त्या घोड्यांची ऐट चार पिढ्यांनी स्कूटरीवर टिकवली होती. संपतराव झोपाळ्यावर बसून शेंगदाणे खात होते. मथुराबाई आत कणीक मळत होत्या.

"काका, एक विनंती होती," सुभाष हात जोडून म्हणाला. "उद्या सकाळी अर्धा तास आमच्या हिचा नवरा म्हणून बसाल का?"

झोपाळा थांबला. आत परात वाजली.

"काय म्हणालात?"

"फक्त अर्धा तास. आठ ते साडेआठ. नंतर तुम्ही मोकळे. मी लेखी चार्ज देतो."

संपतराव लालेलाल झाले. "सुभाषराव, आमच्या सात पिढ्यांत कुणी असला चार्ज घेतला नाही!"

"घ्या की," मथुराबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन म्हणाल्या. "मला बघायचंय, अर्ध्या तासात काय दिवे लावता ते. पण काय रे बाबा, हे सांगितलं कुणी तुला?"

सुभाषने जागृतीबेनचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "आवीने अडधो कलाक नवरा बेसवानुं."

संपतरावांना शेंगदाण्याचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, झोपाळ्याच्या कड्या किरकिरल्या. "अरे भल्या माणसा! गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा! काही न करता निवांत बसायचं, एवढंच सांगतेय ती बाई!"

"म्हणजे नवरा... नको?"

"आमच्या घरात दोन्ही भाषांचा घोळच नाही," मथुराबाई म्हणाल्या. "हे रिटायर झाल्यापासून नवराच बसलेत."

सुभाषचे जोडलेले हात खाली आले. हेड ऑफिसने एकशे अठ्ठेचाळीस हुकूम कुणाला पाहून सोडले, हे त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं.

दुसऱ्या दिवशी स्नेहलताबरोबर मथुराबाई गेल्या. सोबत त्यांनी विणकाम नेलं, बोलणं नेलं नाही. स्नेहलता भिंतीला डोकं टेकून बसली. सुई टोचली तेव्हा ती पेंगत होती. आकडा आला एकतीस. कॉर्टिसॉलही जागच्या जागी.

"गाठबीठ काही नाही," डॉक्टर म्हणाले. "चेहऱ्याचं म्हणाल तर गुजराती डाळीत गूळ असतो, बेन, आणि तुम्ही ती वाट्या भरभरून पिता. मीठ कमी करा, रोज चाला, प्रेशर मी बघतो." मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "पण पहिल्या दोन वेळा असं काय वेगळं होतं?"

स्नेहलता छताकडे पाहू लागली. तिचे खांदे हलत होते. सुभाषला वाटलं, रडते की काय. जवळ वाकून पाहिलं तर ती पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि तो वाकलेला पाहून तिला आणखी हसू फुटलं.

घरी येताच तिने बॅगेतल्या साड्या काढून कपाटात घातल्या आणि चहा टाकला. सुभाषने टेबलावर कागद ओढला. बायको वाचली याचा आनंद त्याला अपरंपार झाला होता, पण आपल्यामुळे निर्दोष ग्रंथीवर ठपका आला, हे नोंदीवर राहणं त्याच्या नियमात बसेना. त्याने ठळक अक्षरांत लिहिलं:

"प्रति, मा. व्यवस्थापक, रक्त तपासणी विभाग. विषय: नॉर्मल मर्यादेत दुरुस्ती होणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, आपल्या रिपोर्टावर एसीटीएचची एकच मर्यादा छापलेली आढळते. सबब, यापुढे सदर मर्यादा दोन रकान्यांत छापण्यात यावी: पहिली, गुजराती नवरा बसलेला असताना, दुसरी, मराठी नवरा बसलेला असताना. दुसऱ्या रकान्यात एकशे अठ्ठेचाळीस हा आकडा नॉर्मल म्हणून पूर्वलक्षी प्रभावाने सामावून घ्यावा व तसा दाखला अर्जदाराच्या पत्नीस परस्पर देण्यात यावा, ही नम्र विनंती."