कोरा पेपर

गाडी शिकवणाऱ्या त्या माणसाला कधी राग येत नाही, असा सगळ्यांचा समज होता, आणि दिवसभरापुरता तो खराही होता. सकाळपासून तो शेजारच्या सीटवर बसून अनोळखी लोकांच्या हाती आपला जीव सोपवायचा. कुणी क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडवायचं, कुणाला उजवीकडे वळायला सांगितलं की ते वायपर चालू करायचं. एका काकूंनी तर गाडी थेट बागेच्या वाफ्यात घातली होती. तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "छान. आता रिव्हर्स कसा घ्यायचा ते बघू."

हाच माणूस संध्याकाळी घराचा जिना चढू लागला की पहिल्या मजल्यावरच त्याच्या कपाळाला आठी पडायची.

घरात जुळी होती. बबडी आणि ढब्बू. लहानपणी चिकटलेली ही नावं, दोघं बापाच्या खांद्याला लागली तरी सुटली नव्हती. विद्यापीठात जायच्या आधीची शेवटची मोठी परीक्षा तोंडावर आली होती आणि नेमकी त्याच वेळी त्यांची आई घरी नव्हती. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायची. नवं मशीन आलं म्हणून तिला प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात धाडलं होतं. जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "फार काही करायचं नाहीये तुला. वेळेवर जेवायला घाल आणि ओरडू नकोस."

यातलं पहिलं त्याला जमलं.

ओरडण्याचं कारण ढब्बू होता. तो पुस्तक छातीवर उघडं ठेवून सोफ्यावर पडलेला असायचा, डोळे मिटून.

"झोपलायस?"

"मनन करतोय."

"घोरत मनन करतात?"

बापाने त्याचा फोन काढून घेतला आणि गाडीच्या डिकीत कुलपात ठेवला. ढब्बूने कॉम्प्युटरवर सिनेमा लावला. बापाने कॉम्प्युटर उचलून आपल्या खोलीत नेला. ढब्बू खिडकीत बसून समोरच्या इमारतीवर चाललेलं रंगकाम बघू लागला. पडदा ओढला तर तो पडदा बघेल, अशी बापाची खात्री होती. कानीकपाळी ओरडून त्याचा घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नेहमीचं वाक्य यायचं, "जरा बहिणीकडे बघ! तिला कधी सांगावं लागतं का?"

आणि खरंच, बबडीला सांगावं लागत नव्हतं. तिच्या खोलीचं दार बंद असायचं. आत टेबलावर पुस्तकांची चळत, तऱ्हेतऱ्हेच्या रंगांची पेनं, पुस्तकातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या रंगाने माखलेली. बाप दाराबाहेर चहा ठेवायचा आणि पाय न वाजवता परत फिरायचा. एक मूल तरी मार्गी लागलं, असं मनाशी म्हणत तो पुन्हा सोफ्याकडे मोर्चा वळवायचा.

अशातच शाळेत सराव परीक्षा झाली. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी तो एका दंतवैद्य बाईंना गाडी शिकवत होता. त्याचा फोन वाजला. शिकवताना तो फोन घेत नसे, पण वर्गशिक्षिकेचं नाव पुन्हा पुन्हा उमटू लागलं तेव्हा त्याने गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. बाईंनी ती घेतली, फुटपाथच्या कडेला चाक घासत.

"ढब्बूने काय केलं?" त्याने फोन उचलताच विचारलं.

"तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय," शिक्षिका म्हणाल्या. "तिने फिजिक्सचा पेपर कोरा दिलाय."

"मुलाने म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही हो. मुलगा काठावर का होईना, पास आहे. मुलीच्या पेपरवर नावाशिवाय एक अक्षर नाही. वेळ संपेपर्यंत ती बसून होती. केमिस्ट्रीतही जवळपास तेच झालं. मी तिला तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. तिने सांगितलं नाही का?"

फोन ठेवला तरी तो समोरच्या काचेतून बघत राहिला. दंतवैद्य बाईंनी सगळं ऐकलं होतं, पण त्या भल्या होत्या. हलकेच म्हणाल्या, "मी चालवू, की तुम्ही घेता?"

"तुम्हीच चालवा," तो म्हणाला. "मी आज घेतली तर ठोकेन."

घरी पोचला तो थेट बबडीच्या खोलीत गेला. ती पिवळ्या रंगाच्या ओळींवर हिरवा रंग फिरवत होती. बापाचा चेहरा बघूनच तिला कळलं. तिने पेनाचं टोपण लावलं.

"सगळं येत होतं मला," ती म्हणाली. "खरंच येत होतं, बाबा. पण पहिली ओळ लिहायची म्हटली आणि वाटलं, ही चुकली तर? मग वाटलं, थांबून नीट आठवू. मग नुसताच तो पांढरा कागद..."

"अगं, एवढंच ना? हे बघ, गाडी शिकताना पहिल्यांदा..."

"बाबा, प्लीज. गाडी नको."

त्याला वाईट याचं वाटलं की त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

मग जे व्हायचं तेच झालं. इतके दिवस सोफ्यावर चालणारी तोफ बबडीच्या खोलीकडे वळली. ओरडायचं नाही, हे त्याने पक्कं ठरवलं होतं, म्हणून त्याने प्रेमाचा मारा सुरू केला. खुर्ची घेऊन तो तिच्या खोलीत जाऊन बसला. दूध आणलं, ते निवलं, गरम करून पुन्हा आणलं. "जमतंय ना? घाई नाही हं. दीर्घ श्वास घे. मी पण घेतो तुझ्याबरोबर." उशीला पाठ टेकली की "दमलीस का?" आणि खिडकीबाहेर बघितलं की "काय विचार करतेस?"

तिसऱ्या दिवशी तिने पेन टेबलावर आपटलं. "बाबा, तुमच्या श्वासाचासुद्धा आवाज येतो! जा ना बाहेर!"

तो खुर्चीसकट बाहेर आला. समोर सोफ्यावर ढब्बू, छातीवर पुस्तक. बापाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला माहीत होतं हे?"

"हो."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

ढब्बू उठून बसला. "तिने सांगू नको म्हटलं. आणि तुम्ही दिवसभर माझ्याच मागे होता. तिला ते बरं पडत होतं. मी अभ्यासाला बसलो असतो तर तुम्ही तिच्याकडे वळला असता." त्याने बंद दाराकडे मान केली. "आता वळलात, बघा."

हे ऐकून पोराला जवळ घ्यावं की बदडावं, हे बापाला कळेना. यात बहिणीची माया किती आणि आळसाची सोय किती, याचा हिशेब लावणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "ऊठ. स्वयंपाकघरात चल. जुना पेपर सोडव माझ्यासमोर. आज तुझं मनन बंद."

ढब्बू जेवणाच्या टेबलाशी बसला आणि पहिल्याच प्रश्नाला पेन चावू लागला. बापाने ओट्यापाशी कांदा चिरता चिरता विचारलं, "आता काय अडलं?"

"एक जड गाडी आणि एक हलकी गाडी. वेग सारखा, टायर सारखे, रस्ता सारखा. दोघींनी चाकं जाम होतील इतका करकचून ब्रेक मारला. आधी कोण थांबेल?"

"हलकी. हे काय विचारायचं झालं?"

"एवढं सोपं असेल तर तुम्हीच लिहा ना, बाबा."

बाप इरेला पेटला. हात पुसून त्याने कागद ओढला आणि ठळक अक्षरात लिहिलं, "हलकी गाडी आधी थांबेल, कारण ती हलकी आहे."

बबडी पाणी प्यायला आली होती. तिने बापाच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"चूक."

"काय चूक? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून लोकांना ब्रेक मारायला शिकवतोय मी."

"दोन्ही एकाच वेळी, एकाच अंतरावर थांबतील. वस्तुमान उडतं, बाबा."

"गाडी उडते?"

"गाडी नाही हो! वस्तुमान! दोन्हीकडचं!"

"कुठून उडतं? दाखव मला."

तिने भावाच्या हातातलं पेन हिसकावलं आणि बापाच्या त्या ठळक अक्षरांखाली भराभर लिहायला लागली. जड गाडीला थांबवायला जास्त जोर लागतो, पण तिच्या वजनामुळे रस्त्याशी घर्षणही तेवढंच जास्त होतं. दोन्ही बाजूंना तेच वस्तुमान. मारा काट. तिने काट मारली, ती इतक्या जोरात की कागद फाटला.

"पण ट्रकला थांबायला जास्त जागा लागते, मी रोज बघतो," बाप हट्टाला पेटला होता.

"ट्रकचे ब्रेक वेगळे, टायर वेगळे! प्रश्नात काय म्हटलंय? सारखे! प्रश्न वाचायचा असतो आधी, बाबा, मग लिहायचं असतं!"

तिचा आवाज हुबेहूब बापासारखा निघाला होता. तो काहीतरी म्हणणार, तेवढ्यात टेबलाखालून ढब्बूची लाथ त्याच्या नडगीवर बसली. तो कळवळला, पण त्याला दिसलं. अर्धा कागद बबडीच्या अक्षराने भरला होता.

"मला अजून नाही पटलं," तो म्हणाला. या वेळी तो खोटं बोलत होता. "पुढचा प्रश्न काय आहे?"

त्या दिवसापासून संध्याकाळी तिघं त्या टेबलाशी बसू लागली. बाप आणि ढब्बू चुकीचं लिहायचे, लाल पेन घेऊन बबडी त्यांना झोडपायची. "घर्षण म्हणजे काय, उदाहरणासह स्पष्ट करा," यावर बापाने लिहिलं, "तुझी आई आणि तुझी आत्या एका स्वयंपाकघरात." बबडीने त्याला शून्य दिलं, पण कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. बाकी हे काम बापाला सुखाचं नव्हतं. दिवसभर लोकांच्या चुका पोटात घालून आल्यावर घरी स्वतःच्या चुका ऐकायच्या. "अक्षर तरी नीट काढा, बाबा." "हेच काल सांगितलं होतं ना?" त्याच्या नाकी नऊ आले. बायकोच्या फोनवर तो कुरकुरला, "पोरगी मला रोज नापास करते." पलीकडे ती इतकी हसली की शेवटी त्याने फोन ठेवून दिला.

आता सगळं सुरळीत झालं असं वाटून त्याने एकदा बबडीसमोर कोराकरकरीत कागद ठेवला आणि म्हणाला, "आज तू एकटी लिही." ती बसली. पेन हातात धरलं. हळूहळू तिची बोटं पांढरी पडली. बराच वेळ गेला, कागद तसाच. मग तिने तो चुरगळला आणि टेबलावर डोकं ठेवून रडू लागली. "तिथे तुमचे चुकलेले पेपर नसणार, बाबा. तिथे सगळा कागद पांढराच असणार."

बापाचा धीर सुटला. "मग काय करायचं तरी काय? मी येऊन बसू का परीक्षेला तुझ्या शेजारी?" तो इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला.

ढब्बूने नवा कागद घेतला, चहाचा कप उचलला आणि त्याचं ओलं बूड कागदाच्या मधोमध दाबलं. मग एका कोपऱ्यात एक बेंगरूळ म्हैस काढली.

"घे. झाला घाण. आता याहून काय बिघडवशील?"

बबडीने नाक पुसलं. म्हशीकडे बघितलं. "शिंगं चुकलीयत," ती म्हणाली, आणि शिंगांवर काट मारून तिथूनच तिने उत्तराला सुरुवात केली.

यातून तिने तिची स्वतःची युक्ती काढली. पहिली ओळ मुद्दाम वाटेल ती लिहायची, स्वतःच काट मारायची आणि मग कामाला लागायचं. परीक्षेपर्यंत ती रोज असंच करत राहिली. कधी जमायचं, कधी दोन-तीन काटाकाटीनंतर जमायचं. एकदा मुळीच जमलं नाही. त्या दिवशी बाप खाली जाऊन गाडी धूत बसला, कारण घरात थांबला असता तर पुन्हा ओरडला असता.

फिजिक्सच्या पेपरला तो शाळेच्या फाटकासमोर गाडी लावून थांबला. ढब्बू आधी आला आणि मागच्या सीटवर आडवा झाला. बबडी सगळ्यांच्या शेवटी आली.

"पहिल्या ओळीवर काट मारली," दार लावता लावता ती म्हणाली. "दुसरीवरपण मारली. मग लिहिलं. शेवटचा प्रश्न तेवढा राहिला."

"शेवटचा का राहिला?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा!" दोघं एकदमच ओरडली.

निकाल लागला तोवर आई परत आली होती. विद्यापीठात बबडीला हवा होता तो विभाग थोडक्यात हुकला, दुसऱ्या पसंतीचा मिळाला. ढब्बूला भूगोल हवा होता, तो मिळाला. हे सगळं शांतपणे पार पडलं असतं, पण मग दोघांनी एकमेकांचे मार्क बघितले. फिजिक्समध्ये ढब्बूला बहिणीपेक्षा जास्त होते.

"हे कसं शक्य आहे?" बबडी किंचाळली. "तुला काही येत नव्हतं! सगळं मी शिकवलंय तुला!"

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"आई, बघ ना! माझ्या जिवावर!"

"शेवटचा प्रश्न मी सोडवला, एवढंच," ढब्बू म्हणाला, आणि उशी चुकवायला खाली वाकला. ती उशी आईच्या चहात पडली. आई हसावं की रागवावं या विचारात कप धरून उभी राहिली. बबडी भावाच्या मागे धावली, खुर्ची आडवी झाली, कुणाचं तरी पुस्तक उघडंच जमिनीवर पडलं. दोघं एवढ्या मोठ्याने भांडत होती की खालच्या मजल्यावर ऐकू जावं, आणि बाप दोघांच्या मधे हात पसरून उभा राहून घसा फाडून सांगत होता, "अरे पुरे! अगं पुरे! जरा मला बोलू द्या!"

कुणीही त्याचं ऐकत नव्हतं.